आमच्या छपरातला हिरवा पत्रा

आमच्या घराला पहिली काही वर्षं एकच खिडकी होती, आणि तीही नको तिथे. स्वयंपाकाच्या ओट्यावर, धूर बाहेर जावा म्हणून ठेवलेली. धूर तिच्यातून बाहेर जायचा, उजेड मात्र आत यायला तयार नसायचा, कारण समोर हातभर अंतरावर शेजाऱ्यांची न्हाणी होती. पुढच्या खोलीच्या दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. म्हणजे पुढच्या खोलीत जो काही उजेड येईल तो दारातून, आणि दारात बसायच्या माझ्या सासूबाई.

त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. सिन्नरकडच्या खेड्यात त्यांचा जन्म गेलेला. उघड्या ओट्यावर बसून धान्य निवडायची, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायची सवय. नाशकात मुलाकडे राहायला आल्या तरी ती सवय त्यांनी सोडली नाही. सकाळी सूप घेऊन उंबऱ्याशी बसल्या की दुपारच्या जेवणापर्यंत हलायच्या नाहीत. आणि मला त्याच उंबऱ्याशी माझं शिवणयंत्र लावायचं असायचं. लग्नाआधी मनमाडला माहेरी मी शिवणकाम शिकले होते. इथे आल्यावर कॉलनीतल्या बायकांचे ब्लाउज, लहान मुलींचे फ्रॉक, साड्यांचे फॉल असं काम हळूहळू मिळायला लागलं होतं. उजेडासाठी आम्हा दोघींची रोज खटपट चालायची. भांडण असं नाही, पण मी यंत्र थोडं पुढे सरकवायचं आणि त्यांनी सूप थोडं मागे घ्यायचं, की परत थोड्या वेळाने उलट.

"तुजं मशीन लय जागा खातं," त्या म्हणायच्या.

"तुमचं सूपही काही लहान नाही, आत्याबाई," मी म्हणायची.

हे घर आम्ही शहात्तर-सत्त्याहत्तरच्या सुमारास बांधलं. जागा गंगापूर रोडपासून आत, तेव्हा तिकडे कोणी राहायला जायला तयार नव्हतं. चारी बाजूंना द्राक्षांचे मळे आणि पेरूच्या बागा. त्यांच्यामध्ये आमची चिमुकली कॉलनी. कारखान्यातले कामगार, नगरपालिकेतले कारकून, शाळेतल्या शिक्षिका, अशी आमच्या समाजाची वीस-पंचवीस घरं. विटांच्या भिंती आणि वर सिमेंटचे नागमोडी पत्रे. स्लॅब टाकणं कोणालाच परवडत नव्हतं. कौलं गळतात, लोखंडी पत्रा तापतो आणि गंजतो, म्हणून जो तो सिमेंटचा पत्रा घालायचा. त्या पत्र्यांत घातलेले ॲस्बेस्टॉसचे धागे फुप्फुसाला वाईट असतात हे पुष्कळ वर्षांनी कानावर आलं. तेव्हा आम्हाला कोणी काही सांगितलं नव्हतं. उरलेल्या तुकड्यावर आम्ही खुशाल पापड वाळवले आहेत.

माझे यजमान सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत फायबरच्या वस्तू बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात कामाला होते. यंत्रांवरची झाकणं, टब, छपराचे पत्रे असं तिथे बनायचं. काचेच्या बारीक धाग्यांचं मॅट अंथरायचं, त्यावर मधासारखं चिकट रेझिन ब्रशने लावायचं, रोलर फिरवायचा, की तासाभरात दगडासारखं घट्ट. त्यांना या गोष्टीचं इतकं वेड होतं की जेवतानाही तोच विषय.

"काच एकटी घेतली तर फुटते," ते सांगायचे. "रेझिन एकटं घेतलं तर तडकतं. दोन्ही एकत्र केली की वाकतं पण मोडत नाही."

आत्याबाई हे बऱ्याच वेळा ऐकून होत्या. एकदा त्या म्हणाल्या, "मातीत गव्हाचा भुसा कालवून भिंत लिपतो आमी. नायतर भेगा पडत्यात. तसंच हाय ना तुजं?"

"अगदी तसंच," ते म्हणाले.

"मंग त्यात कारखाना कशाला पायजे," असं म्हणून त्यांनी दुसरी भाकरी मागून घेतली.

फायबरच्या कामाचा एकच जाच होता. त्या काचेचे कण कपड्यांत शिरायचे आणि अंगभर खाज सुटायची. यजमानांचे कामाचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायचे, वेगळे धुवायचे, असा घरचा नियम होता. लग्नानंतर नव्यानेच मी एकदा नियम विसरून त्यांच्या शर्टाबरोबर आत्याबाईंचं लुगडं धुतलं. दिवसभर त्या पाठ भिंतीला घासत होत्या आणि "पिसवा झाल्यात घरात" म्हणत अंथरुणं उन्हात टाकत होत्या. संध्याकाळी खरं कारण कळलं तेव्हा यजमान तोंडावर हात धरून हसले. आत्याबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

उजेडाची आमची ओढाताण ते बघत होते. एका शनिवारी त्यांनी जाहीर केलं की कारखान्यात एक हिरवा पत्रा नापास झालेला आहे. आत बुडबुडे राहिलेत म्हणून गिऱ्हाइकाने परत केला. मालक म्हणाले, तुला हवा असेल तर घेऊन जा. त्यातून उजेड आरपार येतो, आणि त्याची नागमोड सिमेंटच्या पत्र्यावरच घेतलेली असल्यामुळे तो आपल्या छपरात बरोबर बसेल.

"हिरवाच का?" मी विचारलं.

"हिरवाच नापास झालाय," ते म्हणाले.

तो पत्रा त्यांनी आणि त्यांच्या कारखान्यातल्या एका सोबत्याने सातपूरहून आणला. दोन सायकली शेजारी शेजारी, मधे कॅरिअरांवर आडवा बांधलेला पत्रा, आणि दोघं दोन्हीकडून हँडल धरून चालत. वाटेत द्राक्षाच्या मळ्यांतून वारा यायचा तसा पत्रा पंखासारखा वरखाली व्हायचा. मळ्यातल्या बायका काम टाकून बांधावर येऊन बघत होत्या म्हणे. कॉलनीत शिरेपर्यंत मागे पोरांची रांग लागली होती.

रविवारी सकाळी छपरावर चढून त्यांनी, आत सरकवलेल्या यंत्राच्या बरोबर वरचा सिमेंटचा पत्रा काढला. तेवढ्या जागेतून एकदम आभाळ दिसलं आणि खोलीत इतका लख्ख उजेड पडला की कोपऱ्यांतली जळमटं बघून मला लाज वाटली. मी मनातल्या मनात म्हटलं, आता चिंता मिटली. मग त्यांनी हिरवा पत्रा बसवला, डांबराचे वायसर घालून आकडे आवळले आणि शिडीवरून उतरून आत आले.

आम्ही तिघं खोलीच्या मधोमध उभे होतो. यजमानांचा पांढरा बनियन हिरवा झाला होता. भिंतीचा चुना हिरवा. ताटलीत वाढून ठेवलेला भात हिरवा.

"कसं वाटतंय?" त्यांनी विचारलं.

आत्याबाई वर बघत म्हणाल्या, "हिरीत पडल्यावानी."

मला मात्र माझं यंत्र दिसत होतं. सुई दिसत होती, सुईचं भोकही दिसत होतं. दोरा एका दमात ओवला गेला. हिरवा तर हिरवा, पण दारात मान वाकडी करून शिवायचं संपलं. त्या दिवसापासून आत्याबाईंना उंबरा मिळाला आणि मला छप्पर.

पहिले काही दिवस मात्र गंमतच होती. दूधवाला दारात माप ओतायचा ते पांढरं, आत नेलं की हिरवं. आलेगेलेले चहाच्या कपात बघत बसायचे. यजमानांचे एक चुलते सिन्नरहून आले होते, ते बराच वेळ पुतण्याच्या तोंडाकडे बघत राहिले आणि शेवटी मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोराला काविळीचं औषध दे, लय उतरलाय." मी त्यांना दारात नेऊन पोरगा उन्हात दाखवला, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

पण डोळ्यांना कशाचीही सवय होते. महिना-दोन महिन्यांत आम्हाला तो हिरवेपणा दिसेनासा झाला. बाहेरून कोणी आलं आणि बोललं तरच आठवण व्हायची. भात पांढरा दिसायला लागला, चुना पांढरा दिसायला लागला. आणि घोटाळा झाला तो इथेच.

आमच्या समोरच्या घरात एक शिक्षिका राहायच्या. सगळी कॉलनी त्यांना बाईच म्हणायची. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगी कॉलेजात शिकलेली, हसरी, मला वहिनी म्हणायची आणि वेळ मिळाला की माझ्याजवळ येऊन काजं करायला बसायची. लग्न कॉलनीतल्या मैदानावरच होणार होतं. बाईंनी घरच्या सगळ्या बायकांच्या साड्या गठ्ठा बांधून माझ्याकडे दिल्या. सगळ्यांना फॉल लावायचे. त्यात नवरीची पांढरी साडीही होती. आमच्यात लग्नाला नवरी पांढरी साडी नेसते. ती साडी इतकी तलम होती की हातात घेतल्यावर वजनच लागेना.

"रंग तूच बघ," बाई म्हणाल्या. "माझ्यापेक्षा तुला जास्त कळतं."

या वाक्याने मी फुलून गेले. माझ्याकडे मेन रोडवरून एकदम आणून ठेवलेले फॉल होते, पन्नासेक रंगांचे, ट्रंकेत. दुपारी, ऊन अगदी डोक्यावर असताना, मी यंत्राजवळ सतरंजी टाकली आणि एकेका साडीला फॉल लावून बघायला सुरुवात केली. एवढा भरपूर उजेड, आणि सगळे रंग इतके चोख जुळत होते की मीच चकित झाले. नेहमी एखादी तरी साडी अडते, तिच्यासारखा फॉल मिळत नाही, मेन रोडला जावं लागतं. या वेळी एकीसाठीही जावं लागलं नाही. सगळे फॉल हाताने लावले, बारीक टाके घेतले, साड्या घड्या घालून परत दिल्या. बाईंनी विजेच्या पिवळ्या दिव्याखाली वरवर बघून म्हटलं, "छान झालंय."

लग्नाच्या दिवशी सकाळी मी आणि आत्याबाई लवकरच मैदानावर गेलो. मांडव घातलेला, खुर्च्या मांडलेल्या, भंतेजी येऊन बसलेले. फेब्रुवारीतलं नाशिकचं कोवळं, स्वच्छ ऊन. मग आम्ही बाईंच्या अंगणात येऊन थांबलो, आणि घरातून बायका एकेक करून बाहेर यायला लागल्या.

पहिली आली ती नवरीची मावशी, सटाण्याकडची. लालभडक साडी, आणि चालताना खालून डोकावणारा फॉल चक्क तपकिरी. मला वाटलं, मावशीने दुसरीकडूनच लावून घेतला असावा. तिच्या मागून चुलती आली, पिवळी साडी, आतून पांढरा फॉल. तिच्या मागून आणखी एक, मोरपंखी साडीला गवती हिरवा. मी आत्याबाईंचा हात धरला.

"काय झालं गं?" त्या म्हणाल्या.

तेवढ्यात नवरी दारात आली. पांढरीशुभ्र तलम साडी, आणि पावलांच्या वर वीतभर, साडीतून आरपार दिसणारी गुलाबी पट्टी. फिकी होती, पण गुलाबीच होती. साडीला जणू कोणी खालून रंगात बुडवून काढलं होतं.

मावशीने सगळ्यात आधी बघितलं. वाकून तिने साडीचा काठ उलटा केला.

"हाऊ कोनता रंग शे माय?" ती म्हणाली. मग स्वतःच्या साडीचाही काठ उलटून बघितला.

बाई माझ्याकडे बघत होत्या. रागाने असंही नाही, त्यांना समजतच नव्हतं. मलाही समजत नव्हतं. ट्रंकेतून हाताने काढलेला पांढरा फॉल गुलाबी कसा झाला, याचा मला उलगडा होईना. मी ढसाढसा रडायच्या बेतात होते. वऱ्हाड वेशीशी आल्याचं कोणीतरी सांगत आलं.

तेव्हा नवरीच म्हणाली, "वहिनी, उसवता येईल का?"

"साडी सोडायला वेळ नाहीये गं," बाई म्हणाल्या. "एवढ्या निऱ्या परत कोण घालणार?"

"सोडायची कशाला? नेसलेलीच उसवू दे. मी उभी राहते."

माझ्या पिशवीत ब्लेड कायम असायचं. मी अंगणात तिच्या पायाशी मांडी घातली आणि काठ उलटा धरून टाके कापायला लागले. बारीक टाके घातल्याचा इतका पश्चात्ताप मला आयुष्यात झाला नाही. एका बाजूचं झालं की ती थोडी वळायची, मी जमिनीवरूनच तिच्या मागे सरकायची. निऱ्यांपाशी आलो तेव्हा मावशी खाली बसली आणि तिने एकेक निरी उचलून धरली. बाहेर वाजंत्री जवळ येत होती. आत्याबाई अंगणाच्या फाटकात आडव्या उभ्या राहिल्या आणि आत यायला निघालेल्या प्रत्येकाला सांगत होत्या, "थांबा जरा, नवरीच्या पायात काटा गेलाय."

"दोन्ही पायांत का?" कोणीतरी विचारलं.

"व्हय, दोनी पायात," आत्याबाई म्हणाल्या.

नवरीला हसू आवरेना. ती हसली की काठ हलायचा आणि ब्लेड घसरायचं, म्हणून मी तिला सारखी गप्प उभं राहायला सांगत होते. शेवटचा टाका निघाला, गुलाबी पट्टी सापाच्या कातेसारखी हातात आली. मी ती पिशवीत कोंबली आणि नवरी फॉलशिवाय मांडवात गेली. लग्न व्यवस्थित लागलं. बाकीच्या बायका तशाच वावरल्या. बहुतेकांच्या लक्षातही आलं नसावं, पण मला त्या दिवशी मांडवात फॉल सोडून दुसरं काहीच दिसलं नाही. जेवणही गेलं नाही.

चार-पाच दिवसांनी बाई दुपारच्या माझ्याकडे आल्या. मी काय बोलावं ते ठरवून ठेवलं होतं, पण त्यांनी बोलूच दिलं नाही. नवरीची पांढरी साडी त्यांनी बरोबर आणली होती.

"तो फॉल कुठाय?" त्यांनी विचारलं. मी काढून दिला. त्यांनी साडी सतरंजीवर पसरली, फॉल शेजारी ठेवला आणि निरखून बघितलं. दोन्ही सारखेच दिसत होते. मग त्यांनी दोन्ही उचलून दारात नेलं. उन्हात एक पांढरं, एक गुलाबी. परत आत आणलं. परत सारखंच. शाळेत पोरांना दाखवावं तसं त्यांनी दोन-तीनदा आत-बाहेर केलं, आणि मग छपराकडे बघून हसायला लागल्या.

"तुझी चूक नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या छपराची आहे."

मी संध्याकाळपर्यंत दम धरला. यजमान कामावरून आले, हातपाय धुतले, चहा घेतला, तेव्हा सांगितलं, "हा पत्रा काढा."

"का?"

मी त्यांना फॉल आणि साडीची गोष्ट सांगितली. लग्नातला गोंधळ त्यांना माहीत होता, कारण माहीत नव्हतं. त्यांनी वर पत्र्याकडे बघितलं. स्वतःच्या हाताने बसवलेला पत्रा काढायचा म्हटल्यावर त्यांचं तोंड उतरलं.

"उजेड तर चांगला येतो ना?" ते म्हणाले.

"उजेड येतो. रंग येत नाहीत."

"फॉल दारात जाऊन बघत जा मग."

"दारात तुमच्या आई असतात."

इथे आत्याबाई बोलल्या. मला वाटलं होतं, त्यांना आनंदच होईल. पहिल्या दिवशी विहिरीत पडल्यासारखं म्हणणाऱ्या त्याच. पण त्या म्हणाल्या, "पत्रा काढायचा नाय. उन्हाळ्यात दुपारी त्येच्याखाली पडलं की बरं वाटतं. डोळ्याला गार लागतं, लिंबाखाली निजल्यावानी."

रोज दुपारी त्या यंत्राशेजारीच आडव्या होत असत हे खरं. मी इतके दिवस समजत होते की माझ्या सोबतीला येतात.

असा तिढा पडला. मला पांढरा उजेड हवा, त्यांना हिरवा, आणि यजमानांना आपला पत्रा वाया जायला नको. उपाय त्यांनीच काढला. हिरवा पत्रा एका पत्र्याची जागा बाजूला सरकवून आत्याबाईंच्या बाजेवर घ्यायचा आणि यंत्रावर बिनरंगी पत्रा बसवायचा. नापास झालेला बिनरंगी पत्रा कारखान्यात नव्हता, तेव्हा तो घरीच बनवायचा. मालकांना विचारून त्यांनी मॅटचा तुकडा, रेझिनचा डबा आणि ते घट्ट करणारं औषध विकत आणलं.

चैत्रातला रविवार होता. अंगणात छपरावरून काढलेला सिमेंटचा पत्रा साचा म्हणून ठेवला, त्यावर सेलोफेन कागद नीट बसवला. यजमानांनी एका मग्ग्यात रेझिन घेतलं, औषध ओतलं आणि ढवळायला लागले. कारखान्यात सावलीत काम करायची सवय, आणि इथे टळटळीत ऊन. कागदाची एक सुरकुती काढायला ते वळले, तेवढ्यात मग्ग्यातून धूर यायला लागला. मी हात लावला तर चटका बसला. बघता बघता सगळं रेझिन मग्ग्यातच दगड झालं आणि ब्रश त्यात झेंड्यासारखा उभा राहिला. वास असा सुटला की शेजारच्या घरांची दारं एकामागून एक बंद झाली.

"मग्गा गेला," आत्याबाई म्हणाल्या. "आता आंघोळीला काय घ्यायचं?"

यजमान ओशाळले. दुसऱ्या वेळी आम्ही सकाळी, ऊन चढायच्या आत बसलो. औषध त्यांनी कमी घातलं. मी म्हटलं, मॅट मी कापते. त्यांचे कारखान्यातले लोक मॅट कसंही फाडून एकावर एक चढवायचे, म्हणून जोडाला जाड गाठी यायच्या. मी कापडासारखं ते अंथरलं, नागमोडीवर टाकून माप घेतलं. वळणावळणाला कापड जास्त जातं, सपाट मापाने कापलं तर कमी पडेल, हे सांगायला कोणी लागलं नाही. बाही बेततानाही तेच असतं. हाताला कापडी पिशव्या बांधून मी मॅट बसवलं, ते ब्रश मारत गेले, मी मागून रोलर फिरवत गेले. हवेचे बुडबुडे रोलरखालून पळायचे, ते काठापर्यंत हाकलत न्यायचे. मला त्याची इतकी मजा यायला लागली की त्यांनी रोलर मागितला तरी मी दिला नाही.

"तुला हे आवडतंय," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात आश्चर्य होतं.

"कापडापेक्षा सोपं आहे," मी म्हटलं. "हे एकदा बसलं की उसवायला लागत नाही."

दुपारी सेलोफेन सोलून काढला. पत्रा दुधाळ, अर्धपारदर्शक, आणि बुडबुडे अगदी थोडे. एका कोपऱ्यात लिंबाचं वाळकं पान अडकलेलं होतं, ते कधी उडून पडलं ते कळलं नाही. त्या रात्री माझे हात कोपरापर्यंत खाजत होते, आणि आत्याबाईंनी खोबरेल तेलाची बाटली माझ्यापुढे सरकवली.

नवा पत्रा बसला आणि खोलीचे दोन भाग झाले. माझ्याकडे सकाळ, त्यांच्याकडे बाग. बाईंच्या घरचे सगळे फॉल मी पुन्हा लावून दिले. मावशीचा लाल सटाण्याला पाठवला. बाईंना आमचं छप्पर इतकं आवडलं की त्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघरावर तसाच पत्रा मागितला. मग दुसऱ्यांनी मागितला. रविवार आमचे तसेच जायला लागले. कोणी पिवळा मागायचं, कोणी निळा. मी प्रत्येकाला सांगायची, बिनरंगी घ्या, पण रंगाचं आकर्षण कोणाला नसतं. टेकाडावरून बघितलं तर कॉलनीची छपरं ठिगळं लावलेल्या गोधडीसारखी दिसायची.

पुढे पत्र्यांवरून दारांकडे वळलो. न्हाणीची लाकडी दारं खालून कुजतात, पत्र्याची गंजतात, तेव्हा फायबरचं दार कर म्हणून बाईंनीच सुचवलं. ऐंशीनंतर यजमानांनी नोकरी सोडली आणि आम्ही सातपूरलाच एक लहान शेड भाड्याने घेतली. मॅट बेतायचं काम माझ्याकडे. शिवणकाम कमी होत गेलं आणि एक दिवस यंत्रावर कव्हर घातलं ते क्वचितच निघालं. मला त्याचं वाईट वाटेल असं सगळ्यांना वाटायचं. मला वाटलं नाही. पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्षवाल्याने आपल्या मजुरांच्या खोल्यांसाठी एकदम बरीच दारं मागवली तेव्हा मी टेम्पोत पुढे बसून ती पोचवायला गेले होते. त्या माणसाने प्रत्येक दारावर बोटाने ठकठक करून बघितलं, मग लाथ मारून बघितलं, आणि दार शाबूत राहिलं तेव्हा म्हणाला, "आवाज लय हलका आहे हो याचा."

"वजनही हलकं आहे," मी म्हटलं. "तुमच्याकडच्या बायका एकट्या उचलून बसवतील."

त्यावर त्याची बायको पुढे आली आणि तिने खरोखरच एक दार उचलून बघितलं.

शहाऐंशी-सत्त्याऐंशीला आम्ही घरावर स्लॅब घातला. खिडक्या ठेवल्या, चांगल्या मोठ्या. सगळे पत्रे खाली उतरले. सिमेंटचे कोणीतरी गोठ्यासाठी नेले. हिरवा मात्र आत्याबाईंनी कोणाला देऊ दिला नाही. त्या आता बऱ्याच थकल्या होत्या आणि उन्हाळे सिन्नरकडच्या घरी, धाकट्या दिरांकडे काढायच्या. त्यांनी तो पत्रा एसटीच्या टपावर बांधून नेला. कंडक्टरने नको म्हटलं तेव्हा त्या बसमधून उतरून चाकापुढे उभ्या राहिल्या, असं दिरांनी नंतर सांगितलं. तिथल्या पडवीत, त्यांच्या बाजेवर तो बसवला गेला.

पुढच्या वर्षी मे महिन्यात आम्ही दोघं त्यांना भेटायला गेलो. पत्रा उन्हाने फिका पडला होता, हिरवा म्हणायला थोडासाच. वरचं रेझिन झिजून काचेचे धागे उघडे पडले होते आणि वाऱ्याबरोबर बारीक कण खाली पडत होते.

"ह्येची खाज येते रं मला," आत्याबाई मुलाला म्हणाल्या. "पण काढू नको."

यजमानांच्या पिशवीत रेझिनची बाटली आणि ब्रश होता, ते घरून निघतानाच घेऊन आले होते. शिडी लावून ते वर गेले, पत्रा घासून पुसून घेतला आणि रेझिनचा नवा हात दिला. मी खालून औषध मोजून देत होते. आत्याबाई बाजेवर आडव्या पडून वर बघत होत्या, आणि पत्र्यापलीकडे त्यांना मुलाचे गुडघे इकडून तिकडे सरकताना दिसत होते.

"त्या कोपऱ्यात राह्यलं," त्या म्हणाल्या. ते कोपऱ्यात सरकले. वाळेपर्यंत आम्ही मागच्या दारी बसून जेवलो, आणि पाचच्या गाडीने नाशकाला परत आलो.